सावकाश जा

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळीही टीव्हीवरच्या निवेदकाने निरोप घेतला, तेव्हा ते त्याला म्हणाले होते, "या हं, सावकाश जा." लेक नेहमीसारखी नुसती हसली होती.

महिन्याभराने ती दाताच्या दवाखान्यात बसली होती. शेजारी एक अनोळखी आजी-आजोबा, समोर टीव्हीवर चर्चा. आजोबा निवेदकाला मोठ्याने काहीतरी समजावत होते.

"अहो, तो तुमचं ऐकत नाहीये."

"घसा बसला की ऐकेल."

"तोवर तुमचा दात पडेल."

"सात जण एकदम बोलतायत. आपल्या लग्नातही एवढा गोंधळ नव्हता."

"होता की. तुमचे काका माइक सोडत नव्हते."

"मग हा त्यांचाच नातू."

लेकीला हसू आवरेना. तेवढ्यात निवेदकाने निरोप घेतला.

"निघाला हो. 'या' म्हणा त्याला."

"मी नाही. भांडून चाललाय."

"रोज घरी येतो. कुणीतरी म्हणायला हवं."

"या हं," लेक मोठ्याने म्हणाली. "सावकाश जा."