पानाखालची माशी

शेतीच्या औषधांच्या दुकानदाराला उरक नव्हता. रांगेत ताटकळलेल्या काकूंनी मग पुढच्या मायलेकांच्या बोलण्याला सरळ कान लावला.

“आई, आता जहाल औषधच घेऊ. तीनदा फवारलं, तरी टोमॅटोवर पांढरी माशी आहेच.”

“फवारलंस कुठे?”

“पानांवर. आणखी कुठे?”

“वरून! माशी बसते पानाखाली. तू तिच्या छपराला आंघोळ घालून येतोस.”

“वाकलं की कंबर धरते माझी.”

“आणि ते पिवळे चिकट सापळे?”

“लावलेत की.”

“स्वतःच्या नाकासमोर! झाडं गुडघ्याएवढी. माशीने काय शिडी लावून चढायचं?”

“खाली लावले तर रोज वाकून बघावं लागतं.”

“अर्ध्या झाडांची पानं आकसलीत, बाबा. उरलेली गेली, तर यंदा एक टोमॅटो हाती लागणार नाही.”

“म्हणून तर जहाल म्हणतोय!”

“बोला, काय देऊ?” दुकानदाराने विचारलं.

“निंबोळी तेल द्या. आणि तू रे, घरी गेल्यावर पंपाचे पट्टे माझ्या मापाने आवळून दे.”

“तू फवारणार? या वयात?”

“मग काय! मी नाहीतरी वाकलेलीच आहे.”