साडेसहा की नऊ-तीन?

मूस या अवाढव्य हरणाच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला. स्वीडनमध्ये नॉर्वेच्या सीमेलगत असलेल्या येम्टलांडमधल्या काडतुसांच्या दुकानात माझ्या पुढे होल्गर आणि राग्नवाल्ड, दोघे म्हातारे शिकारी.

"तुझ्या साडेसहा मिलिमीटरच्या गोळीने मूसला गुदगुल्या होतात, राग्नवाल्ड."

"आणि तुझ्या नऊ पॉइंट तीनने तुझाच खांदा निखळतो, होल्गर. माझ्या आजोबांनी साडेसहावर जन्म काढला."

"त्यांचे मूस गोळी खाऊनही पळत नॉर्वेत जाऊन मरायचे!"

"गेल्या वर्षी कुणाच्या गोळीने पडला?" दुकानवाल्या मायवोरबाईंनी विचारलं.

"कुणाच्याच नाही," होल्गर म्हणाला. " आमच्या दोन मचाणांच्या मधून आरामात निघून गेला."

"हाकारे तर वॉकीटॉकीवर ओरडत होते म्हणे?"

"ऐकू कसं येणार? त्यावर आम्ही हेच भांडत होतो. यंदा आमचे वॉकीटॉकीच काढून घेतलेत."

"म्हणजे यंदा शांतता!"

"छे हो! आम्ही दोघांनी एकच मचाण मागून घेतलंय."