मडकं मारोतकाकांनी धरलं

नंदिनी : म्हणजे तू नाही सांगणार.

साहिल : मी असं म्हटलं का? उद्या बाबांचं वर्षश्राद्ध आहे, नंदिनी. तेवढं होऊ दे. मग बोलतो तुझ्या बाबांशी.

नंदिनी : मग कधी? परवा तर तू पुण्याले मित्राकडं चालला, अन् तिकडूनच विमान. मी काय वर्षभर पाहून नाही राहिली का? काकूनं व्हिडिओ कॉलवर माह्या बाबाच्या हातात फोन दिला की तुहं नेटवर्कच जाते.

साहिल : हळू बोल. आई स्वयंपाकघरात आहे.

नंदिनी : हळूच बोलून राहिली. माहा व्हिसा आला, साहिलदादा. पुढच्या महिन्यात कॉलेज सुरू होते तिथं. अन् बाबा एकच धरून बसले. म्हणते, ज्या देशात बाप मेल्यावर बी पोराले सोडत नाही, तिथं मी माही एकुलती एक पोट्टी नाही पाठवत.

साहिल : मी काकांना तसं म्हटलं नव्हतं. माझं तिथं राहायचं कार्ड संपत आलं आहे, आता जर्मनी सोडली तर परत घेणार नाहीत, एवढंच म्हटलं होतं.

नंदिनी : अन् कार्ड संपलं होतं?

साहिल : नाही.

नंदिनी : खिशात होतं.

साहिल : हो.

नंदिनी : स्पेनमध्ये, खिशात.

साहिल : तुला कोणी सांगितलं?

नंदिनी : तुह्या रूममेटनं, त्या हर्षितनं, फोटो टाकला होता. तू समुद्रात, गॉगल लावून, दोन्ही हात वर. त्याच दिवशी इथं माहे बाबा तुह्या बाबाच्या पुढं मडकं धरून चालून राहिले होते. सख्खं कोणी नव्हतं म्हणून. घरी आले तर डोक्यावर एक केस नव्हता, मी ओळखलंच नाही पहिले. संध्याकाळी तो फोटो निघून गेला. पण मी पाहिला होता.

साहिल : आणि वर्षभर गप्प राहिलीस?

नंदिनी : काकूसाठी. तुह्यासाठी नाही.

साहिल : फोन खोलीवर राहिला होता. दिवसभर आम्ही पाण्यात. संध्याकाळी येऊन पाहतो तर आईचे कॉल, काकांचे कॉल. मी लावला, तो काकांनी उचलला. म्हणाले, बापू, लय वाट पाहिली गा तुही, आता घाटावरून आलो. कुठं होता? मी भिजलेल्या कपड्यांत उभा होतो, नंदिनी. समुद्रावर होतो म्हणू? तोंडातून निघून गेलं, व्हिसाच्या ऑफिसात होतो, कार्ड संपत आलं आहे, आता निघालो तर परत घेणार नाहीत.

नंदिनी : ठीक आहे. घाबरला, बोलून गेला. पण तेरवीले तर येता येत होतं.

साहिल : तिकीट काढायला बसलो होतो. मग वाटलं, लोक विचारतील, आता कसं काय सोडलं? बंद केला लॅपटॉप.

नंदिनी : म्हणून तेरवी बी गेली. वा रे वा.

साहिल : बोल, काय बोलायचं ते. पण ऐक, आता खरं सांगितलं तर तुझंच बिघडेल. काका म्हणतील, कोणी अडवलं नव्हतं तरी पोरगा आला नाही. मग तर तुला मुळीच पाठवणार नाहीत.

नंदिनी : तर मग माह्या तोंडाकडं पाहून नाही म्हणावं त्यानं. माही पोट्टी बी अशीच निघंल, असं म्हणावं. मी भांडीन त्याच्याशी. जर्मनीच्या सरकारशी कशी भांडू? ते बिचारं तर काही बोललंच नाही.

(प्रयागबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या आहेत.)

प्रयागबाई : घ्या. थंडा होऊन राहिला.

साहिल : आई, कधीपासून उभी आहेस?

प्रयागबाई : झाला थोडा वेळ. मले काही नवीन नाही बाप्पा त्यात.

साहिल : म्हणजे?

प्रयागबाई : त्या सांजेले भाऊजीच्या हातून फोन म्या घेतला होता ना. तू रडून राहिला होता. अन् तुह्या मांगं पोट्टेपोट्टी गाणं म्हणत होते, खिदळत होते. ऑफिसात कोणी असं हासते का?

साहिल : मग तू मोहल्ल्यात सगळ्यांना...

प्रयागबाई : सांगतलं. सरकार सोडत नाही म्हून सांगतलं. तू एक खेप बोलला, म्या दारोदार बोलली. दळणाले गेली तरी सांगो, भाजीवालीले बी सांगो. कोणी इचारीन अन् मले तोंड लपवा लागीन, त्याच्या आधीच सांगून टाको. बाया म्हणत, बिचारं लेकरू. म्या म्हणो, हो ना वं. अन् घरी आली का तुह्या बाबाच्या फोटोकडं पाहाची हिंमत नव्हती होत.

साहिल : मला एकदा तरी विचारायचं, आई.

प्रयागबाई : इचारलं असतं तर तू खरं बोलला असता. मंग मी काय केलं असतं?

नंदिनी : काकू, मले तुमचं मन दुखवाचं नव्हतं.

प्रयागबाई : तू काहून रडतं वं? पूस डोळे. भाऊजी येऊन राहिले, गेट वाजलं. पत्रावळीचं इचाराले येणार होते.

साहिल : आई, सांगू काकांना?

प्रयागबाई : मले नोको इचारू. मी नाही म्हणीन.

मारोतराव : का हो वहिनी, पत्रावळी पानाच्या आणू का कागदाच्या? आमच्या गणपतले कागदावरचं जेवण गोड लागत नव्हतं. पानाच्याच आणतो. अन् साहिलबापू, असा काहून बसला गा मान घालून? तुहा बाप गणपत असाच बसे, कोराडीच्या वीजकेंद्रात रातपाळी करून आला का. उद्या पूजेले मी तुह्या बाजूले बसतो, भेव नोको. मांगच्या साली तुले येऊ दिलं नाही, ते जिवाले लागलं तुह्या. समजते मले. सरकारले काय बाप असते का?

साहिल : काका, मला कोणी अडवलं नव्हतं.

मारोतराव : काय म्हणतं?

साहिल : मी कोणाला विचारलंच नाही. मी स्पेनला होतो. फिरायला. फोन खोलीत ठेवून समुद्रावर गेलो होतो. तुम्ही विचारलं कुठं होता, तर लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. मले येता येत होतं, काका.

मारोतराव : तेरवीले बी?

साहिल : तेरवीले बी.

मारोतराव : नंदिनी, तुले ठाऊक होतं?

नंदिनी : हो, बाबा.

मारोतराव : वहिनी?

प्रयागबाई : चहा घ्या, भाऊजी.

मारोतराव : राहू द्या.

साहिल : काका, मारा मले. पण काही बोला.

मारोतराव : काय बोलू गा. अंभोऱ्याले नदीत अस्थी सोडाले मी गेलो होतो. कंबरभर पाण्यात उभा राहून गणपतले सांगतलं. म्हटलं, पोट्ट्यावर राग नोको धरू, तो निघालाच होता, त्यायनं सोडलं नाही. एका पाळीत उभी जिंदगी काढली आम्ही दोघायनं. त्याच्याशी खोटं बोलाची पाळी त्या दिवशी आली, अन् मले पत्ताच नाही.

साहिल : मी सांगतो बाबांना. उद्या, पूजेत.

मारोतराव : उद्या लोकं राहतीन. परवा चाल माह्यासंग अंभोऱ्याले. तू सांग. मी काठावर उभा राहतो.

साहिल : येतो.

मारोतराव : पुण्याले जाशीन म्हणत होती वहिनी.

साहिल : नाही जात.

नंदिनी : बाबा, अन् माहं?

मारोतराव : तुहं काय? ते कार्ड खिशात असलं का येता येते म्हणतं ना?

नंदिनी : येते. केव्हाबी येते.

मारोतराव : हं. इतके दिवस मी त्या सरकारले भेत होतो. आता तुहंच भेव वाटते मले.

नंदिनी : म्हणजे नाही म्हणता का?

मारोतराव : बॅग भर. फिराले बी जाजो, समुद्र पाहजो. फोन मात्र खोलीत नोको ठेवू.