मधली तुकडी

तुम्ही आता स्थळाची सगळी माहिती फोनवर काढता ना, पण आमच्या मिठबावच्या जनाबायची सर त्याला नाही.

नव्याण्णव साली ताईला वेंगुर्ल्याचं स्थळ आलं. तिथं आमच्या ओळखीचं कोणीच नव्हतं. दारावर मासे घेऊन येणाऱ्या जनाबायला आई म्हणाली, "माणसां कशी आसत, ता कसा कळतला गो?"

"चार दिवस दी माका."

"तू कधी वेंगुर्ल्याक गेलीस तरी?"

"माका कित्याक जावक व्हया? थंय मासे विकणाऱ्यो नाय काय?"

तिनं मालवणच्या बाजारात विचारलं, मालवणच्या बाईनं कुडाळच्या बाजारात, आणि कुडाळहून तो प्रश्न वेंगुर्ल्यात त्याच घराला मासे देणाऱ्या बाईपर्यंत गेला. ना चिठ्ठी, ना फोन! पाचव्या दिवशी टोपली उतरवता उतरवता जनाबाय म्हणाली, "चेडू दी बिनधास्त, वैनी. त्या घरात इसवणाची मधली तुकडी सुनेक वाढतत."

बाबा मुलाची नोकरी, शिक्षण विचारत बसले. घरात इसवण, म्हणजे सुरमई, आली की आईच्या पानात जन्मभर शेपटीच पडली होती. संध्याकाळी तिनंच होकार कळवायला लावला.

लग्नानंतर आठवड्यानं मला ताईचं कार्ड आलं. खुशाली, आणि खाली एक ओळ: 'आईला सांग, मधलीच.'

आईनं डोळे पुसत ते जनाबायला वाचून दाखवलं. ती कोलंबीचे वाटे लावत होती. मान वर न करता म्हणाली, "कार्ड कित्याक घातल्यान? माका मंगळवारीच कळला."