कापलेल्या तीन ओळींबाबत

जबाब. दिनांक २१ जुलै २०२५, वार सोमवार, वेळ सकाळी ११.४०.

मी सौ. क्रांती जयराज शेवाळे, वय ३९ वर्षे, धंदा ब्लॉग लिहिणे व शेती, राहणार खिरणवाडी रस्ता, आंबेमळ्याशेजारी. (हवालदार साहेबांनी आधी धंदा ‘घरकाम’ लिहिला होता. तो माझ्या सांगण्यावरून खोडला आहे. घरकाम मी करतेच, पण त्यासाठी मला इथे बोलावलेले नाही.)

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे की, मी वरील पत्त्यावर पती जयराज व सासरे नाथाजी यांच्यासह राहते. ‘कामाचं बोला’ नावाचा ब्लॉग व त्याच नावाचे व्हॉट्सॲप चॅनल मी चार वर्षांपासून चालवते. त्यावर एसटीच्या बदललेल्या वेळा, धरणातून पाणी सोडण्याची सूचना, कोणत्या दाखल्याला कोणते कागद लागतात, मोबाईलवर आलेली लिंक खोटी कशी ओळखावी, अशी माहिती असते. राजकारण, वाढदिवस व शोकसंदेश मी टाकत नाही. चॅनलला आज सहा हजार दोनशे माणसे जोडलेली आहेत.

सन २०२१ मध्ये सासरे नाथाजी यांना उसात घोणस चावली. तेव्हा आम्ही त्यांना घेऊन तीन दवाखाने फिरलो. तिन्हीकडे लस नव्हती, चौथ्या ठिकाणी मिळाली. सासरे वाचले, पण अजून डावा पाय ओढत चालतात. कोणत्या दवाखान्यात लस आहे हे घरबसल्या कळायला हवे होते, एवढाच विचार त्या दिवशी माझ्या डोक्यात आला आणि तो गेला नाही.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी दहा वाजता मी आसपासच्या अकरा दवाखान्यांना फोन करते. सर्पदंशाच्या लसीच्या बाटल्या किती आहेत ते विचारते आणि अकरा वाजता यादीचे चित्र टाकते. एका माणसाला दहा-वीस बाटल्या लागतात. दोन माणसे आली की कपाट रिकामे होते. म्हणून यादीच्या तळाशी तीन ओळी असतात. पहिल्या ओळीत तारीख व ‘पुढच्या सोमवारनंतर ही यादी वापरू नका’. दुसऱ्या ओळीत ‘निघण्याआधी फोन करा’ व अकरा ठिकाणचे नंबर. तिसऱ्या ओळीत रुग्णवाहिकेचा १०८. या तीन ओळींशिवाय यादीला काही किंमत नाही. हे मी ठाण्यात आल्यापासून चौथ्यांदा सांगत आहे.

दिनांक ७ जुलै रोजीच्या यादीत खिरणवाडीच्या दवाखान्यात २२ बाटल्या व मोरदरा येथे शून्य, असे होते. त्या दिवशी ते बरोबर होते.

त्याच दिवशी संध्याकाळी ‘तालुका धडाका’ या फेसबुक पेजवर माझी यादी आली. हे पेज रविराज दिनकर खबाले चालवतात. शिराळ्याच्या नागपंचमीचे व्हिडिओ टाकून त्यांनी पस्तीस हजार फॉलोअर जमवले आहेत. माझ्या यादीचा वरचा भाग जसाच्या तसा होता, कोपऱ्यात बारीक अक्षरात माझ्या ब्लॉगचे नावही होते. तळाच्या तीन ओळी कापलेल्या होत्या. त्या जागी भगव्या पट्टीवर नानासो थोरबोले यांचा हात जोडलेला फोटो होता आणि ‘लोकहितार्थ सौजन्य : भावी जिल्हा परिषद सदस्य मा. नानासो थोरबोले युवा मंच’ असे लिहिले होते. नानासो थोरबोले यांनी आजवर एकाही दवाखान्याला फोन केल्याचे माझ्या माहितीत नाही.

दिनांक ८ जुलै रोजी सकाळी ९.१५ वाजता मी रविराज यांना फोन केला. माझ्या फोनमध्ये सर्व कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. बोलणे पुढीलप्रमाणे झाले.

मी म्हणाले, “खालच्या ओळी का कापल्या?”

ते म्हणाले, “आवं वैनी, सायबांचा फोटूच बसंना. काय करायचं?”

मी म्हणाले, “मग फोटो लहान करा.”

ते म्हणाले, “ल्हान केला की सायेब वरडत्यात. आवं, तुमचंच काम गावागावात पोचवतूय की आमी. लाईक बगा किती पडल्यात.”

मी म्हणाले, “तारीख नसली तर माणूस मरेल.”

ते म्हणाले, “काय वैनी, सकाळी सकाळी. काढतू की, काढतू.”

त्यांनी पोस्ट काढली नाही. मला मात्र ब्लॉक केले. मी त्याच दिवशी पतींच्या खात्यावरून फेसबुककडे तक्रार केली. दोन दिवसांनी उत्तर आले की पोस्ट तपासली, नियमांचे उल्लंघन आढळले नाही. त्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे.

दिनांक १४ जुलै रोजी मी नेहमीप्रमाणे नवी यादी टाकली. मधल्या आठवड्यात खिरणवाडीला दोन रुग्ण आले होते, त्यामुळे तिथे शून्य होते. मोरदऱ्याला नवा साठा आला होता, १८ बाटल्या. म्हणजे सगळे उलटे झाले होते. दिनांक १५ जुलै रोजी रविराज यांनी आपली जुनी, कापलेली पोस्ट ‘पुन्हा एकदा आपल्या माहितीसाठी’ असे म्हणून परत वर आणली. पावसाळा आहे, साप निघतात, असल्या पोस्टला लाईक पडतात. त्याचे दुसरे कारण मला दिसत नाही.

दिनांक १६ जुलै रोजी दुपारी सव्वाचारच्या सुमारास आंबेमळा येथील चंद्राबाई भाऊसो जामदाडे, वय ४७, यांना उसात वैरण काढताना घोणस चावली. मी त्यांना ओळखत होते. गेल्या वर्षी त्यांच्या आधार कार्डातली चूक दुरुस्त करायला कोणता अर्ज लागतो ते विचारायला त्या घरी आल्या होत्या व जाताना शेतातली ओली हळद देऊन गेल्या होत्या. (हळदीचे लिहायची गरज नाही असे हवालदार साहेब म्हणाले. लिहा असे मी म्हणाले.)

पुढील हकिकत मला त्यांचा मुलगा शिवतेज यांनी सांगितली. शिवतेज लष्करात आहेत व त्या वेळी नोकरीच्या जागी होते. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, त्यांना फोन केला. आमच्या भागात अडचण आली की घरचे लोक आधी फौजेतल्या पोराला फोन लावतात, तो हजार मैलांवर असला तरी. शिवतेज यांनी गावाच्या ग्रुपवर आदल्या दिवशी आलेली यादी काढली व फोनवरून वाट सांगितली.

आंबेमळ्याच्या फाट्यावरून डावीकडे मोरदरा सहा किलोमीटर आहे. उजवीकडे खिरणवाडी तेरा किलोमीटर आहे. गाडी उजवीकडे वळली. ५.०५ ला खिरणवाडीला पोचली. तिथे लस नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी जमेल ते केले व १०८ ने कराडला पाठवले. कराडला पोचायला ६.५० झाले. दिनांक १७ जुलै रोजी पहाटे चंद्राबाई वारल्या. मी डॉक्टर नाही. डावीकडे गेल्या असत्या तर नक्की वाचल्या असत्या, असे मी म्हणत नाही. पण तिथे अठरा बाटल्या होत्या आणि रस्ता निम्म्याहून कमी होता, हे मी शपथेवर सांगते.

त्याच दिवशी सकाळी १०.२० वाजता रविराज यांनी कापलेली पोस्ट काढून टाकली. नऊ दिवस जी निघत नव्हती ती एका मिनिटात निघाली. दुपारी १२ वाजता त्यांनी नवी बातमी टाकली, ‘सोशल मीडियावरच्या बोगस यादीने घेतला महिलेचा बळी’. सोबत यादीच्या वरच्या अर्ध्या भागाचे चित्र. माझ्या ब्लॉगच्या नावाभोवती लाल गोल केला होता. खाली पट्टी नव्हती. फोटो लहान करता येत नाही, पण गरज पडली की तो पुरता काढता येतो, हे मला त्या दिवशी कळले.

दुपारी ३ वाजता त्याच पेजवर चंद्राबाईंना भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक आला. त्यावर नानासो थोरबोले यांचा तोच हात जोडलेला फोटो होता. चंद्राबाईंचा फोटो त्याच्या निम्म्या आकाराचा होता.

त्या दिवसापासून मला एकशे चाळीस मेसेज आले. त्यांतले बहुतेक या कागदावर लिहिता येणार नाहीत. पती जयराज म्हणाले, “बंद कर गं ते. आपल्याला काय करायचंय लोकांचं?” सासरे नाथाजी ओसरीवर बसले होते. ते पाय चोळत म्हणाले, “जयराज, माझ्या पायाला इचार काय करायचंय ते.” त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

दिनांक १९ जुलै रोजी सकाळी ११ च्या सुमारास शिवतेज जामदाडे आमच्या घरी आले. डोक्याचे मुंडण केलेले होते. आत या म्हटले, आले नाहीत. पाणी दिले, घेतले नाही. त्यांनी मोबाईल पुढे केला.

“वैनी, हे तुमीच केल्यालं?”

मी म्हणाले, “वरचं माझं. खालचं नाही.” आणि ७ जुलैची मूळ यादी त्यांना दाखवली. त्यांनी तळाच्या तीन ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या.

“हितं नंबर हुतं?”

“होय.”

“आण्णा म्हनत हुतं, मोरदरा जवळ हाय, तिकडं घेतू. म्या म्हनलं न्हाई, तितं शून्य दावतंय. उजवीकडंच घ्या.” मग विचारले, “आज किती हायत मोरदऱ्यात?”

सोमवारी अठरा होत्या, पण अंदाजाने सांगायची मला सवय नाही. त्यांच्यासमोर मी फोन लावला. सिस्टरनी अठराच सांगितल्या. त्यातली एकही वापरली गेली नव्हती. फोनला एक मिनिट दहा सेकंद लागले. शिवतेज माझ्या मोबाईलवरचे ते आकडे बघत उभे होते.

“एवडाच येळ लागतू?” ते म्हणाले.

मी हो म्हणाले. ते पायरीवर बसले. त्यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. त्यांनी हातातल्या कागदावर विश्वास ठेवला. तो कागद ज्यांनी कापला त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार आहे.

आता मला कळवण्यात आले आहे की, खोटी माहिती पसरवल्याबद्दल माझ्यावर कारवाई व्हावी असा अर्ज आला आहे आणि अर्जदार नानासो थोरबोले युवा मंच आहे. अर्ज मी वाचला. त्याच्याही तळाशी पट्टी आहे. ठाण्याच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरही त्यांचाच फोटो आहे. त्यात फोटो मोठा व तारखा लहान आहेत. हे लिहून घ्यावे अशी माझी विनंती होती. ते लिहून घेतले आहे.

माझी चूक कोणती, असे विचारल्यावरून सांगते की, माझी एक चूक आहे. तारीख मी तळाशी टाकली. सरकारी कागदावर सही-तारीख तळाशी असते म्हणून मीही तसेच केले. पण आमच्याकडे तळाची जागा फोटोची असते. वास्तुशांतीच्या पत्रिकेपासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळीकडे ती पट्टी मी रोज बघते. मला हे माहीत होते आणि तरी सुचले नाही. ती चूक मी १४ तारखेला नाही, चंद्राबाई गेल्यावर दुरुस्त केली. आता तारीख व नंबर यादीच्या मधोमध, आकड्यांमधून आडवे जातात. कापायचे तर यादीच कापावी लागेल.

चौकशी पुरी होईपर्यंत ब्लॉग व चॅनल बंद ठेवाल का, असे मला विचारण्यात आले. शांततेसाठी ते बरे होईल, असेही सांगण्यात आले. त्यावर माझे उत्तर, नाही. आज सोमवार आहे. मला दहा वाजता बोलावले व ११.४० पर्यंत बाकावर बसवले. त्या वेळात मी बाकावरूनच अकरा फोन केले व यादी टाकली. त्यास सव्वीस मिनिटे लागली. मोरदऱ्याला आज आठ बाटल्या आहेत. काल रविवारी दहा वापरल्या गेल्या. सिस्टर म्हणाल्या, रुग्ण उठून बसला आहे आणि त्याच्या घरच्यांनी निघण्याआधी फोन केला होता. खिरणवाडीला अजून शून्य आहे. ते लोकांनी कुठे वाचायचे, हे ब्लॉग बंद करायला सांगणाऱ्यांनी आधी सांगावे.

७ व १४ जुलैच्या मूळ याद्या, कापलेल्या पोस्टचे १५ जुलैचे चित्र, रविराज यांच्याशी झालेल्या बोलण्याचे रेकॉर्डिंग व मोरदऱ्याच्या कॉलची नोंद मी हजर केली आहे.

हा जबाब संगणकावर घेतला असून मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. दोन ठिकाणी शब्द सौम्य केले होते, ते माझ्या सांगण्यावरून परत होते तसे केले. तारीख व वेळ मी प्रत्येक पानावर मधोमध स्वतःच्या हाताने घातली आहे, आणि तळाशी कोणाच्या फोटोला जागा राहू नये म्हणून या शेवटच्या ओळीला चिकटूनच सही करत आहे.
सौ. क्रांती जयराज शेवाळे