म्हशीवानी हंबरणारी गाडी

आमची बसमालकायची सहकारी संस्था आज ठणठणीत चालून राहिली ना, ते वलगावच्या कमलाकाकूच्या कानामुळं.

आंधी आमी अमरावती-चांदूर बाजार रस्त्यावर एकमेकायच्या सवाऱ्या पळवू. मंग संस्था केली अन् ठरवलं, साऱ्या गाड्यायले एकच रंग अन् एकच भोंगा.

पहिल्याच सकाळी मी वलगावच्या स्टॉपवर गाडी उभी केली, तं कोनी चढेच ना. कमलाकाकू रोज भाजीच्या पाट्या घेऊन माह्याच गाडीत बसे. तेबी हालेना.

"काकू, चाल ना," मी म्हटलं.

"तुही गाडी येऊ दे."

"अवं, हेच माही गाडी होय."

"काहून फसवतं बबन? तुही गाडी म्हशीवानी हंबरते. हे तं शिट्टी मारते."

बाकीच्यायनंबी माना हालवल्या. त्या दिवशी संस्थेच्या साऱ्या गाड्या रिकाम्याच अमरावतीले पोचल्या. दुपारी मीटिंगमध्ये जो तो म्हने, मोडा हे संस्था.

आमचे अध्यक्ष दादाराव सगळ्यायचं आयकून घेऊन उठले. "संस्था मोडाची नाई," म्हने. "रंग संस्थेचा, भोंगा ज्याचा त्याचा."

दुसऱ्या दिवशी जुना भोंगा बसवला अन् वलगावच्या पुलापासूनच वाजवत आलो. स्टॉपवर काकू पाटी डोक्यावर घेऊनच उभी. चढता चढता म्हनते कशी, "आला बाप्पा एकदाचा. काल कोनाची गाडी चालवून राहिला होता?"