दोन लाकडं

जव्हार डेपोत मोखाड्याच्या गाडीची रांग होती. माझ्या पुढच्या बाईने फोन स्पीकरवर ठेवला होता आणि पलीकडून मस्कतहून तिचा भाऊ बोलत होता.

"प्रतिभा, बाबांना गावाकडं नेलं का?"

"मघाशीच. काकांचा मंगेश बसला ॲम्ब्युलन्समध्ये. मी मृत्यूच्या कागदासाठी मागे थांबलेली."

"मला सुटी गुरुवारी मिळेल. माझ्यासाठी थांबू नका."

"थांबणारच नाही कुणी, दादा."

"आणि विधी करायला भगताला बोलवायचं नाही. दहावं नाही, बारावं नाही. बाबांनी तसं लिहून ठेवलंय."

"माहीत आहे. त्यांनी सांगितलं, मीच लिहिलं."

"चितेची लाकडं मोखाड्यातून टेम्पोनं मागव. साधेपणानं उरकू दे."

"आपल्या गावात, पोशेऱ्यात लाकडं विकत नाही आणत. प्रत्येक घरातून एक येतं."

"म्हणजे पुन्हा रीत आलीच ना. बाबांना हेच नको होतं."

"बाबा स्वतः न्यायचे. गावात कुणी गेलं की खांद्यावर दोन लाकडं घेऊन निघायचे."

"दोन कशाला?"

"एक स्वतःच्या घराचं, एक तुझ्या घराचं. तू मस्कतला गेलास तेव्हापासून. अकरा वर्षं."

"मला कधी बोलले नाहीत."

"तू फोनवर घाईत असायचास."

रांग पुढे सरकली. तिने पायाजवळची पिशवी उचलली.

"दादा, गाडी लागली. ठेवू का?"

"थांब. आज माझं लाकूड तू नेशील?"

"एका हातात बाबांच्या कपड्यांची पिशवी आहे, दुसऱ्या हातात तू आहेस. मला आधी गाडीत चढू दे."